दादांच्या हयातीत काढलेली मिशी

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हरसूलच्या पुढे डोंगरात एका आश्रमशाळेत ते स्वयंपाकी होते आणि मी त्याच शाळेत शिकलो. पंगतीत मी इतर मुलांसारखाच ताट घेऊन बसायचो आणि दादा मला इतरांपेक्षा एक पळीही जास्त वाढायचे नाहीत. फक्त सगळं आवरल्यावर चुलीजवळची उजेडाची जागा माझी असायची. ते भांडी घासायचे, मी अभ्यास करायचो. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती पदवी माझ्या नावावर असली तरी ती कुणाच्या कष्टातून आली हे मला पक्कं ठाऊक आहे.

दादांना आता ऐकू येत नाही. फोन कानाला लावला की ते नुसतं "बरं, बरं" म्हणतात आणि आईकडे देतात. आई मग माझं म्हणणं त्यांना सांगते, पण तिला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. म्हणून मी दादांना पत्र लिहितो. माझ्या ओळखीत अजून घरी पत्र लिहिणारा मीच उरलो असेन. मागे त्यांना नाशिकला आणून कानाचं मशीन बसवून दिलं होतं. गावी परतल्यावर त्यांनी ते चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. कानात सतत कुणीतरी बोट घातल्यासारखं वाटतं म्हणाले. मी त्यांच्यावर चिडलो होतो.

मी नाशिकला सिडकोत राहतो आणि तिथल्याच अंबडला एका कारखान्यात तयार सुटे भाग तपासायचं काम करतो. घोरणं मला नवीन नव्हतं. घोरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागते असाच आमच्याकडे समज, त्यामुळे मी ते कौतुकानंच घ्यायचो. पण बायको सांगू लागली की घोरता घोरता मी मध्येच गप्प होतो. अगदी गप्प. छाती हलत नाही. मग एकदम विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतो. मी म्हणायचो, "अगं, स्वप्न पडलं असेल." ती म्हणायची, "रोज? आणि तुम्हाला एकही आठवत नाही?"

मग एक सकाळ आली. मुलीला गाडीवर मागे बसवून शाळेत सोडायला निघालो होतो. सिग्नलला गाडी थांबवली आणि मला झोप लागली. पाय जमिनीला टेकलेले, हात हँडलवर, डोळे मिटलेले. मुलीनं पाठीत बोट खुपसलं. "पप्पा, हिरवा झाला ना!" मागून हॉर्न वाजत होते. ही झोप चालत्या गाडीवर लागली असती तर काय झालं असतं, हा विचार शाळेच्या फाटकापाशी आला आणि मला तिथंच फुटपाथवर बसावं लागलं.

डॉक्टरांनी तपासणी करून स्लीप ॲप्निया असल्याचं सांगितलं. झोपेत घशाची वाट मिटते आणि श्वास थांबतो. उपाय म्हणजे एक लहान मशीन. ते नळीतून हवेचा दाब सोडतं, नळीच्या टोकाला मास्क, आणि तो तोंडावर बांधून रोज झोपायचं. "किती दिवस?" मी विचारलं. ते म्हणाले, "चष्मा किती दिवस लावतात?" शिवाय उपचार नीट लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. मशीन रोजची नोंद ठेवतं. हवा कुठून गळते का, झोपेत श्वास थांबतो का, हे बघून मगच परवानगी. मी किल्ली बायकोच्या हातात दिली. दादांना पत्रातून झोपेत श्वास थांबतो एवढंच कळवलं. मुलगी रिक्षावाल्या काकांबरोबर जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "तुम्हाला शिक्षा झालीय का?" मला पुन्हा तिला मागे बसवून शाळेत न्यायचं होतं. पुढे मी जे काही केलं ते एवढ्यासाठी केलं.

पहिला मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा होता. दुकानात खुर्चीवर बसून लावला तेव्हा ठीक वाटला. घरी दिवा मालवल्यावर तोच मास्क कुणीतरी तोंडावर दाबून धरलेला हात झाला. हवा आत यायची, पण ती माझी नव्हती. मी श्वास सोडायच्या आधीच पुढचा श्वास आत ढकलला जायचा. कुशीवर वळलं की नळी ताणायची आणि दाव्याला बांधलेल्या बैलासारखी मान मागे ओढली जायची. डोळा लागला की नाकाच्या बाजूनं फुस्स करून हवा डोळ्यात. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम. ढिले केले तर पुन्हा फुस्स. सकाळी मास्क कधी पलंगाखाली सापडायचा, कधी बायकोच्या उशीवर. झोपेत मीच तो ओरबाडून फेकलेला असायचा.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या गालावरचे पट्ट्यांचे वळ बघून शेजारचा म्हणाला, "काय रे, वहिनींनी लगाम घातला का?" दुसरा म्हणाला, "नाही नाही, हा रात्री विमान चालवतो." मीही हसलो. हसताना नाकावरची जखम ताणली.

मास्कच्या दुकानात एक बाई होत्या, मास्क बसवून देणं हेच त्यांचं काम. त्या माणसाला पलंगावर आडवं करून, मशीन सुरू करून मास्क बघायच्या, कारण आडवं झाल्यावर चेहरा बदलतो. त्यांनी मला नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क दिला. त्यानं नाक सोलवटून रक्त येऊ लागलं. मग फक्त नाक झाकणारा दिला. तो लावल्यावर पहिल्यांदा मला कोंडल्यासारखं झालं नाही. तोंड मोकळं होतं, बोलता येत होतं. मला वाटलं, सापडला. पण बाई माझ्या वरच्या ओठापाशी हात धरून गळणारी हवा बघत होत्या.

"सर, मास्क बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मिशी चुकीची आहे."

मी हसलो.

"खरंच सांगते. याची खालची कड बरोबर इथे बसते, वरच्या ओठावर. केसांवर रबर बसत नाही."

"बारीक केली तर?"

"करून बघा. पण खुंटही हवा सोडतात. माझ्याकडचे पेशंट मास्क बदलत राहतात, मिशी कुणी काढत नाही." मग म्हणाल्या, "वडील आहेत का?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडे वडील हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. बाप असताना काढणं म्हणजे त्याचं मरण मागणं. हे कुणी शिकवलेलं नाही, तरी सगळ्यांना येतं. मी शास्त्र शाखेचा पदवीधर आहे. केसांचा आणि आयुष्याचा संबंध नाही हे मी दुसऱ्याला समजावून सांगू शकलो असतो. स्वतःला सांगताना मात्र डोळ्यांपुढे दादा यायचे, पांढऱ्या मिशीला लागलेली डाळ पंचानं पुसणारे.

मिशी बारीक केली, गळती तशीच. ओठावर व्हॅसलीन चोपडलं, तर रबर खराब होतं म्हणून दुकानातल्या बाई रागावल्या. बायकोनं जुन्या सुती साडीची पट्टी कापून मास्कच्या कडेला लावली. एक रात्र बरी गेली, दुसऱ्या रात्री पट्टी सरकून नाकात गेली आणि मी गुदमरून उठलो. डॉक्टर नोंद बघून म्हणाले, "हवा सगळी बाहेरच जातेय. गाडी अजून नाही."

बायकोला मी मिशीचं सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "अजिबात नाही. दादांना उद्या काही झालं तर जन्मभर माझ्याकडे बघून म्हणाल, हिच्यासाठी काढली होती."

"मी असं म्हणेन?"

"तोंडानं नाही म्हणणार."

आईला फोन केला. ती टेकाडावर चढून, रेंज शोधून फोनवर बोलायची, त्यामुळे धाप लागलेलीच असायची. "बाप जिता हाय आन् तू मिशी काढतो? लय शिकला म्हणून?"

"आई, तू दादांना विचार तरी."

"मी नाय विचारणार. असलं कुणी नवऱ्याला विचारतं का?"

तिचं बरोबर होतं. मी तरी कसं विचारणार होतो? पत्रात कसं लिहायचं, की दादा, तुम्ही गेल्यावर करायचं काम मी आताच केलं तर चालेल का? दोनदा लिहायला बसलो आणि कागद तसाच ठेवला. रात्री मास्कमध्ये अडकायचं आणि दिवसा यात, असं चाललं होतं.

शेवटी एका शनिवारी कामावरून येताना सलूनमध्ये शिरलो. दाढी झाल्यावर म्हटलं, "मिशी पण काढा."

न्हाव्याचा हात थांबला. आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

"वडील."

"नाही हो. आहेत. गावी आहेत, चांगले आहेत."

त्यानं वस्तरा मिटला. "मग मी नाय काढणार, भाऊ."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरांकडूनच काढून घ्या."

"कॉलेजची मुलं काढतात की तुमच्याकडे."

"त्यांना मिशी असते कुठं? तुमची ही भरलेली मिशी हाय. वडिलांच्या नावाची. माझ्या हातानं नको." बाकावर नंबर लावून बसलेला एक जण म्हणाला, "हिरोसारखी एक रेघ ठेवा ना वरती, सगळ्यांचंच भागेल." दुकान हसलं. मी दाढीचे पैसे देऊन बाहेर आलो.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघा, न्हाव्यालाही कळतं. पण ती तशीच उठली. देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले. म्हणाली, "मी दादांसाठी मागून घेतलंय. आता काढा. रोज रात्री तुमचा श्वास थांबला की माझाही थांबतो. मलाही झोप पाहिजे हो."

मी माझ्याच हातानं काढली. आरशात वरच्या ओठाची पांढरट, अनोळखी कातडी दिसू लागली. मुलगी बघून आधी लाजली आणि मग हात लावून पळाली.

त्या रात्री मास्क बसला. फुस्स नाही, डोळ्यात हवा नाही, नाकावर ओझं नाही. आणि तेव्हाच मला खरी भीती वाटली. इतके दिवस मास्क बसत नाही हीच माझी पळवाट होती. आता तो बसला होता, म्हणजे आता सुटका नव्हती. ही नळी, हे पट्टे, हा दाब, जन्मभर रोज. मी पट्ट्याला हात घातला. बायकोनं अंधारातच माझा हात धरला आणि तसाच ठेवला. कधी झोप लागली कळलं नाही.

रविवारी पहाटे मी आपोआप जागा झालो. डोकं इतकं हलकं होतं की मला वाटलं काहीतरी विसरलंय. चालत दूध आणायला गेलो आणि येऊन, मोह आवरला नाही म्हणून, मास्क लावून पुन्हा झोपलो. बायकोनं माझा फोन मुका केला आणि मुलीला घेऊन ती भाजीला गेली. तिचा फोन घरीच चार्जिंगला होता.

दूध घेऊन येताना मला दाजींनी पाहिलं होतं, हे नंतर कळलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. ते पेठकडच्या त्यांच्या गावाहून पिकअपमध्ये माल घेऊन बाजार समितीत आले होते. चौकात गाडीतून त्यांना मी दिसलो, बिनमिशीचा. त्यांनी हाक मारली नाही. अशा माणसाला रस्त्यात काय विचारायचं? त्यांनी मला फोन लावला, मी उचलला नाही. ताईला लावला. ताईला माहीत होतं की त्या आठवड्यात दादांना कानाच्या मशीनसाठी पुन्हा नाशिकला आणायचं बोलणं चाललं होतं. तिनं मला लावला, बायकोला लावला, आईला लावला. कुणीच उचलला नाही. यापेक्षा आणखी काय खूण पाहिजे? तिनं धरूनच चालली, दादा नाशिकला आले आणि तिथेच गेले. माती गावाकडेच होणार. ताईनं सासरची चार माणसं जीपमध्ये घातली आणि रडत आमच्या पाड्यावर निघाली.

दादा ओट्यावर बसून मांडीवरच्या सुपात वाल सोलत होते.

पुढचं मला आईनं आणि ताईनं वेगवेगळं सांगितलं, पण दोघींच्या सांगण्यात एक गोष्ट सारखीच. जीपमधून उतरताना ताईनं हंबरडा फोडला होता. मग समोर दादा दिसले आणि ती धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली, आणखी मोठ्यानं रडायला लागली. मागे व्याही, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळ्यांची तोंडं उतरलेली. दादांना एक शब्द ऐकू आला नाही. त्यांनी बघितलं की मुलगी समोर आहे, बायको दारात आहे, आपण स्वतः आहोत. मग ही माणसं कुणासाठी आली? राहिलं कोण? आजारी कोण होतं?

वालांचं सूप त्यांच्या मांडीवरून खाली पडलं. ते नुसतं म्हणत राहिले, "कवा? झोपेतच ना? झोपेतच ना?"

आई कानाशी ओरडून सांगत होती, पण आता ते कुणाचं ऐकायला तयार नव्हते. समजूत घालतायत असंच त्यांना वाटलं. शेवटी ताईला सुचलं. दोघातिघांनी धरून त्यांना टेकाडावर नेलं आणि व्हिडिओ कॉल लावला. फोन परत परत उजळत होता तेव्हा मला जाग आली. उचलला तर पडद्यावर नुसतं एक कपाळ. मग ते मागे सरलं आणि दादांचे डोळे दिसले. मी घाईत मास्क काढायचा विसरलो होतो. त्यांना दिसलं ते नळी लावलेलं तोंड. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठे लिहू शकणार नाही. मी मास्क ओढून काढला, ओठावर बोट ठेवलं, मिशीची जागा दाखवली, मास्क पुन्हा लावला, डोळे मिटून झोपल्याचं दाखवलं, पुन्हा काढला. मूकनाट्यच. मागे ताई रडता रडता हसत होती.

दादा बराच वेळ बघत राहिले. मग मोठ्यानं, ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, म्हणाले, "निज. निज तू. म्या पाहिला तुला."

आणि फोन कट झाला.

आईचा फोन संध्याकाळी आला. झालं ते झालं, आता परत वाढव, ती म्हणाली. बुधवारी डॉक्टरांना मशीनची नोंद दाखवून आलो आणि त्या रात्री जे पत्र दोनदा लिहायचं राहिलं होतं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं ते असं:

*दादा,*

*तुम्हाला आणि आईला नमस्कार. तुम्हाला रविवारी जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. तुमच्या आयुष्याचा प्रश्न तुम्हालाच कसा विचारायचा, ते कळेना.*

*मिशी मी परत वाढवणार नाही. आईला वाईट वाटेल. तुम्ही तिला सांगा, तुमचं ती ऐकते. मिशी असली की मास्कमधून हवा गळते आणि माझा श्वास झोपेत थांबतो. मिशी काढल्यापासून थांबलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर गाडीची किल्ली परत मिळेल. मग तुमच्या नातीला मीच शाळेत नेईन. तिनं मागची सीट पुसून ठेवली आहे.*

*दादा, मास्क चांगला बसतो, पण आवडत नाही. रोज पट्टे लावताना छातीत धडधडतं. कोंडल्यासारखं होतं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची नाहीत, धूर भरायचा, मी खोकत बाहेर पळायला लागलो की तुम्ही पंचाचं टोक पाण्यात बुडवून माझ्या नाकातोंडावर बांधायचात. मी ते ओढून काढायचो. तुम्ही परत बांधायचात. म्हणायचात, पळायचं नाय, हळू घे, हळू सोड. मी आता अंधारात तेच म्हणतो आणि झोप लागते.*

*तुमच्या कानाच्या मशीनवरून मी तुम्हाला बोललो होतो. शरीरात दुसऱ्याची वस्तू घालून घेणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ते चहाच्या डब्यातून काढून ठेवा. पुढच्या रविवारी मी एसटीनं येतो आणि तुम्हाला इकडे घेऊन येतो. कानाला नीट बसेपर्यंत ते बदलून देतात. मला तीन मास्क बदलावे लागले. तुम्हाला त्रास झाला तर सांगा, माझ्यासारखं मनात ठेवू नका. तुमच्या कानात ते बसलं की पहिला फोन मी करीन, आणि आईला मध्ये घेणार नाही.*

*वाल सोलून ठेवा. येताना घेऊन येऊ.*